निमोण्याच्या माळावरचे सरडे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

निमोण्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. सुजाता आठवीत होती, विहारामागं राहायची. सुट्टीभर शेळ्यांमागं माळावर हिंडून तिनं सरड्यांची वही केली होती. गळ्याखाली निळा-केशरी पंखा फुलवतो तो नर. बारकी, मातकट, पंखा नसलेली ती मादी. त्या मातकट सरडीला माती उकरून अंडी घालताना तिनं स्वतः पाहिलं होतं. असं पोर मला पुन्हा भेटलं नाही.

आणि मी? मी हसलो. म्हटलं, अगं, नटणं बायकांचं — रंगीत ती मादी. पुस्तक उघडून बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही. ती म्हणाली, "पर सर, म्या अंडी बघितली." मी म्हटलं, नजर चुकली असेल तुझी. तिनं गुपचूप प्रदर्शनासाठी केलेल्या तक्त्यावरची नर-मादीची नावं बदलली. सर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार — दुसरं काय वाटणार तिला?

शिरूरच्या विज्ञान प्रदर्शनात ती तेच ठासून सांगत होती. परीक्षक हसले. एवढं साधं उलटं कसं लिहिलं, म्हणाले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेव्हा — कसं सांगू — तेव्हा मी म्हणालो, "मी सांगितलं होतं तिला. ऐकलं नाही तिनं."

ती शेजारीच उभी होती. एकदाच माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून परीक्षकांना म्हणाली, "व्हय, माझंच चुकलं."

त्यानंतर वर्गात तिनं कधी हात वर केला नाही. दहावीनंतर सायन्सला गेली नाही. तिच्या घरी जाऊन मी एक शब्द बोललो असतो तर? नाही गेलो. भ्यायलो, दुसरं काय.

तिला यवतला दिली होती. गेल्या महिन्यात तिथल्या स्टँडवर दिसली, आपणहून पुढं आली, तब्येत विचारली. सोबत पाच-सहा वर्षांची लेक. कुंपणावर एक सरडा मुंडी हलवत बसला होता. लेकीनं विचारलं, ह्यो बाप्या हाय का बाई? सुजाता म्हणाली, "मला न्हाई कळत त्यातलं, बाळा. सरांना इचार."

टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि ते मी केलेलं आहे. लेक माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पुण्याची गाडी लागली, आणि मी काही न बोलता चढलो.