काकूच्या खोट्या खुणा

आमची थोरली काकू रानातली अळंबी विकते. बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे रान सुरू होतं. तिथे कुठल्या ओंडक्याखाली काय उगवलंय हे तिला पाठ, पण घरात कोण कशावर रुसलंय याचा पत्ता नाही. स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून ती ब्रशने माती झटकते, सुरीने देठ तासते. कुठून आणली विचारलं तर "रानातून." ताकास तूर लागू देईल तर शपथ!

वाट ध्यानात ठेवण्यात मात्र तिचा हात कोणी धरणार नाही. जाताना अधूनमधून मागे वळून बघ, म्हणते, परतीची वाट वेगळीच दिसते. ओढ्याची बाजू सोडू नकोस. चुकलीस तर धावत सुटू नकोस, खाली बस. शिवाय फांद्यांना, नाकाच्या उंचीवर, जुन्या चादरीच्या निळ्या चिंध्या बांधायची. पण चिंध्या काय, सगळ्यांनाच दिसतात. समोरची इस्त्रीवाली एकदा त्या बघत बघत थेट काकूच्या जागेवर पोचली आणि टोपली भरून घरी आली. झालं, काकूचं डोकं फिरलं. तिने खऱ्या वाटेवरच्या चिंध्या सोडल्या आणि वरच्या अंगाला, जिथे दगडांशिवाय काही नाही अशा उतारावर नेऊन बांधल्या. घरात कोणाला चकार शब्द नाही. काय हुशारी म्हणावी!

पुढे ती तापाने आडवी झाली. हॉटेलचा आचारी अळंबीसाठी निरोपावर निरोप धाडत होता. माझी आई म्हणजे काकूची धाकटी जाऊ. काकूचं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून आई एका सकाळी कोणाला न विचारता टोपली घेऊन रानात गेली, आणि दुपार उलटली तरी परतली नाही.

मी कामावरून आले तेव्हा शेजारी तिला शोधायला ओढ्याच्या बाजूने निघाले होते. मीही निघाले, तर काकूने अंथरुणातून माझी बाही धरली.

"तिकडे नको. वर, उतारावर चल."

"तुला काय माहीत?"

"चिंध्या तिकडे आहेत." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कोणी माग काढू नये म्हणून मीच बांधल्यात. खोट्या आहेत गं."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिने चपला घातल्या आणि तशा तापात माझ्यापुढे चालू लागली. वाटभर एकच, "माझ्या हाताने घालवली गं तिला."

अंधार पडायच्या आत आई सापडली. शेवटच्या चिंधीखाली बसली होती, घोटा सुजलेला, टोपली रिकामी. काकूला बघून तिला कोण आनंद झाला!

"मला ठाऊकच होतं तुम्ही येणार. तुमची खूण होती ना, म्हणून जागची हलले नाही."

काकू मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. आईला वाटलं, तापामुळे.

त्यानंतर काकूने सगळ्या चिंध्या काढून टाकल्या. पण आईला खरं सांगायचा तिला धीर होईना. निवडक अळंबी आईच्या पुढ्यात आणून ठेवायची आणि मला गाठून म्हणायची, "तू तरी सांग तिला." मी म्हणायचे, "केलंस तू, निस्तर तू." इकडे आई बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, जाऊबाईंच्या खुणांमुळे मी वाचले.

परवा सुट्टीचं मीही काकूच्या टोपलीपाशी तोलायला बसले होते, तेव्हा काकूला ते सहन झालं नाही. भर बाजारात, एका गिऱ्हाइकासमोर ती आईला म्हणाली, "अगं, त्या खुणा खोट्या होत्या. लोकांना चकवायला बांधल्या होत्या मी."

आई खो खो हसली. "तुमचं आपलं काहीतरीच, जाऊबाई! खोट्या असत्या तर मी सापडले असते का?" मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाली, "बघा, एवढं करून मोठेपणा म्हणून घ्यायचा नाही."

काकूने माझ्याकडे बघितलं. आईचं ते हसणं मोडायची माझीही छाती झाली नाही. मी अळंबी तोलत राहिले.