तारेतली कंपनी

लढाईच्या दिवसांत तारवाला गल्लीत शिरला की बायका दारं लोटून घ्यायच्या. आमच्या दाराशी तो थांबला तेव्हा मी अंगणात गहू निवडत होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवरा तीन आठवड्यांपूर्वी वडिलांशी भांडून जबलपूरला गेला होता. नोकरी शोधतो, एवढंच सांगून.

सासूबाई आतून धावत आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. मामंजी लकडगंजच्या एका टालावर, म्हणजे वखारीत, लाकडं मापायचे, ते अजून घरी होते. दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं. मी माहेरी इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे कागद माझ्या हातात आला.

"जिता आहे ना गा माझा पोरगा?" आत्याबाईंनी तारवाल्यालाच विचारलं.

मी वाचलं. चारच शब्द होते. जॉइन्ड कंपनी. लेटर फॉलोज.

"खुशाल आहेत," मी म्हणाले. "कंपनीत लागले म्हणतात. पत्र मागून येते."

"कोणत्या कंपनीत?" मामंजींनी विचारलं.

तारेत ते नव्हतं. पण मामंजींनी स्वतःच ठरवून टाकलं. जबलपुराकडे जंगलं, म्हणजे लाकडाचीच कंपनी असणार. "शेवटी माझ्याच धंद्यात आला," असं म्हणत ते बंडीची बटणं लावू लागले. आत्याबाई मात्र उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या. त्यांचा थोरला भाऊ पंधराव्या वर्षी नाटक कंपनीबरोबर पळून गेला होता. आठ वर्षांनी परत आला तो खोकतच, आणि उन्हाळ्याच्या आत गेला. त्यांच्या कानाला कंपनी म्हणजे तेवढंच. त्यात माझा नवरा गाणारा. आंघोळ करतानाही पदं म्हणायचा.

मला तिसरीच भीती होती. शेजारी मुलींच्या शाळेतल्या एक मास्तरीणबाई राहायच्या. दुपारी भाजी देण्याच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे गेले आणि शब्दकोश मागितला. कंपनी या शब्दाखाली बरेच अर्थ होते. सोबत. मंडळी. व्यापारी संस्था. नटांचा संच. जहाजावरची माणसं. आणि शिपायांची तुकडी. त्या ओळीवर माझं बोट थांबलं. स्टेशनावर भरतीची चित्रं लागलेली होती. जाण्याआधी दोन दिवस नवऱ्याने मला विचारलं होतं, मी फार लांब गेलो तर तू इथे राहशील ना? मी हसण्यावारी नेलं होतं.

मास्तरीणबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "घरी सांगितलंस?"

"नाही."

"सांग. एकटीने ठेवू नकोस."

मी घरी आले ती सांगायचं ठरवूनच. पण आत्याबाई जेवल्या नव्हत्या, आणि मी पुस्तकात शब्द पाहायला गेले होते हे त्यांनी ओळखलं होतं. "नाटकाचीच असन ना वं?" त्या म्हणाल्या. "खरं सांग मले. पुस्तकात काय निघालं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही आत्याबाई, लाकडाचीच. पुस्तकात तसंच आहे."

त्या उठल्या आणि जेवायला बसल्या. मामंजींनी संध्याकाळी गल्लीत गूळ-खोबरं वाटलं, साखर तेव्हा रेशनवर होती. घरोघरी जाऊन ते सांगत होते, पोरगा लाकडाच्या कंपनीत लागला. मी चुलीपुढे बसून ऐकत होते.

पत्र यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी दोनदा भात करपवला. पोस्टमनच्या वेळेला दाराशी जायचे आणि तो पुढे गेला की सुटल्यासारखं वाटायचं, मग लगेच उद्याची वाट पाहायला लागायचे. आत्याबाई पाहत होत्या. एकदा म्हणाल्या, "रडून राहिली का वं?" मी कांद्याकडे बोट दाखवलं.

पत्र आलं तेव्हा मामंजी टालावर होते. मराठीतच होतं, पण आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. त्या पदर सावरून समोर बसल्या. "वाच."

पहिल्या दोन ओळी माझ्या मनातच वाचून झाल्या. फौजेतल्या मोटारींच्या कंपनीत कारकून म्हणून भरती झालो, पुढल्या महिन्यात आसामकडे जायचं आहे. हेही बदलून वाचता आलं असतं. पण त्या माझ्या ओठांकडे पाहत होत्या. मी होतं तसं वाचलं. पुढे लिहिलं होतं, तारेत फौज हा शब्द मुद्दाम घातला नाही. बाबा त्याच गाडीने मला परत न्यायला आले असते.

आत्याबाईंनी पत्र माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "तुले माहीत होतं?"

"संशय होता."

"मंग काहून नाही सांगितलं? तू नऊ दिवस एकटीच मरून राहिली होती का?"

त्या रागावल्या होत्या, आणि रागातच त्यांनी मला जवळ ओढलं. तेव्हा कुठे मला रडू आलं.

मामंजींना आत्याबाईंनीच सांगितलं. त्यांनी पत्र स्वतः दोनदा वाचलं. सकाळी फेटा बांधून ते निघाले आणि ज्या ज्या घरी गूळ-खोबरं दिलं होतं तिथे तिथे गेले. मी दाराआडून ऐकत होते. "पोरगा फौजेत गेला आहे. लाकडाची कंपनी नाही. माझं ऐकण्यात चुकलं होतं." अकरा-बारा दारं असतील. प्रत्येक दारी त्यांनी चूक स्वतःची सांगितली, माझं नाव कुठेच घेतलं नाही.

परत आल्यावर पाण्याचा तांब्या घेताना म्हणाले, "पोरी, आता जे लिहिलं असन ते पुरं वाचत जा. आम्ही म्हातारे आहो, पण मातीचे नाही."

मग पत्रं येत राहिली, कधी महिन्याने, कधी तीन महिन्यांनी. एक दवाखान्यातून आलं, तेही मी पुरं वाचलं. आत्याबाई माझा गुडघा धरून बसल्या होत्या. लढाई संपल्यावर पहिल्या थंडीत नवरा घरी आला. हिवतापाने अर्धा झाला होता, आणि डाव्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं. आत्याबाईंनी त्याला आधी जेवू घातलं. मग ताट उचलताना उजव्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तारेत खोटं नाही लिहिलं तू, पण खरंही नाही लिहिलं. हिले विचार, तिनं काय भोगलं."

त्याने मला विचारलं. सांगायला मला फार दिवस लागले.