हाफ क्लच

केसांचे क्लच कुणी मुद्दाम साठवत नाही. कोठीच्या बाजारात गेलं की एखादा घेतला जातो, एखादा भाची विसरून जाते, आणि एक दिवस ड्रॉवर उघडावा तर तो गच्च! आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. गंमत म्हणजे त्यातले बरेचसे किस्से या एकाच शब्दापायी घडलेत. क्लच.

आधी ऑफिसबद्दल सांगते. हैदराबादला हायटेक सिटीत भाषांतराचं काम करणारी आमची कंपनी आहे. एकेका भाषेचं एकेक टेबल. इंग्रजीतून येईल ते आपापल्या भाषेत करायचं, आज वॉशिंग मशीनची माहिती तर उद्या मालिकेचे संवाद. पहिला खर्डा कॉम्प्युटर करतो आणि त्याला माणसात आणायचं काम आमचं. मराठीच्या टेबलावर बरीच वर्षं मी एकटी होते. मी मलकपेठची. आजोबा बिदरकडची शेती सोडून इथे आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. माझ्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' येतात, पण त्यावर नाक मुरडायला टेबलावर दुसरं मराठी माणूसच नव्हतं. सुखात होते.

मग पुण्याहून चैतन्य तावडे आला. वय तिशीच्या आत, चेहरा हसरा, आणि बोलणं असं की रेडिओ लावल्यासारखं वाटावं. आमचे मॅनेजर श्रीनिवास सर तेलुगू, त्यांना मराठी ओ की ठो कळत नाही. तरी पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले की सुलभा, याची मराठी ऐकायला किती गोड वाटते! माझी मराठी ते इतकी वर्षं ऐकतायत, पण तिच्या चवीबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

खरं सांगते, मी जळले. त्यातून मराठीच्या टेबलाला यंदा 'लीड' नेमणार असं सरांनी सांगून ठेवलेलं. ती जागा माझीच, असं मी धरून चालले होते.

* * *

खरेदीच्या एका साइटची फाईल आली. फोटो नाहीत, नुसते शब्द. त्यात 'लेडीज क्लच' होता. कॉम्प्युटरनं तो गाडीचा समजून 'महिलांसाठी क्लच, सर्व मॉडेल्सना बसतो' असं ठोकून दिलेलं. चैतन्यला विचारलं, तर तो माझ्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणाला की ताई, तुम्ही लावलाय तोच असेल. अख्खं ऑफिस माझ्या डोक्याकडे बघायला लागलं.

मी त्याला समजावलं की बाबा रे, मोठ्या लोकांत क्लच म्हणजे लग्नाबिग्नात हातात धरायची चपटी पर्स. अनुभव नावाची काही चीज असते. आणि पुढचं काही न वाचता, फाईलभर जिथे जिथे क्लच होता तिथे एका झटक्यात 'पर्स' करून टाकलं.

फोटो नंतर आले. क्लच केसांचेच होते. तोवर साइटवर मराठीत सूचना झळकत होती: "केस ओले असताना पर्स लावू नये. झोपताना पर्स काढून ठेवावी."

* * *

एका मालिकेच्या संवादांत नायिका खलनायकाच्या 'क्लचमध्ये' सापडली होती. कॉम्प्युटरनं तिला बहुधा गिअरबॉक्सजवळ कुठेतरी बसवलं असावं. मी ते खोडून 'तावडीत' केलं. तेलुगूच्या टेबलावरची पद्मा माझी जुनी मैत्रीण, जेवायला आम्ही कायम एकत्र. तिनं सहज विचारलं की हे 'तावडीत' म्हणजे काय.

मी व्याकरणासकट सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात चैतन्य म्हणाला, "एकदम सोपं आहे. माझं आडनाव तावडे. नायिका आमच्या घरी आलीय."

पद्मा टेबलावर डोकं ठेवून हसली. श्रीनिवास सर केबिनमधून बाहेर आले, त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं, तर तेही हसले. पुढे दिवसभर जाता-येता 'तावडे, तावडीत' म्हणत राहिले. मीही विनोद करते. सरांना ते कधी विनोद वाटले नाहीत, सूचना वाटल्या.

दुसऱ्या दिवसापासून पद्मा जेवायला आमच्या टेबलावर येऊन बसू लागली. माझ्या शेजारी नव्हे, समोर, चैतन्य नीट दिसेल अशी. माझ्या शेजारी तो बसतो ना.

* * *

चैतन्यनं खोली घेतली तीही मलकपेठमध्ये, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला म्हणून घरी आला आणि आईनं त्याला जेवू घालूनच सोडलं. ज्वारीची भाकरी खाताना तो म्हणाला की काकू, आमच्याकडे पुण्यात असं काही मिळत नाही. झालं! आई विरघळली.

तो गेल्यावर मला म्हणाली, "लेकरू मेट्रोत उभं राहून जायलंय अन् तू एकटीच गाडीत बसून जायलीस. बरं दिसतंय का?"

तेव्हापासून रोज तो माझ्या गाडीत, माझ्या शेजारी. आणि आईकडून दोन डबे. एकदा ऑफिसात दोन्ही डबे शेजारी शेजारी उघडले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की शेंगदाण्याची चटणी माझ्या डब्यात कोरडी आहे आणि त्याच्या डब्यात वर तेल सोडलेलं आहे. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "तुला घरचं मिळतंच की रोज."

गाडीत तो गप्प बसेल तर शपथ. एकदा म्हणाला की ताई, तुमचा पाय सारखा क्लचवर असतो, असं हाफ क्लचवर चालवलं की प्लेट जाते. मी म्हटलं, हे पुणं नाही. इथल्या ट्रॅफिकमध्ये क्लच पुरता दाबताही येत नाही आणि पुरता सोडताही येत नाही. तो 'बरं' म्हणाला. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

* * *

मग कोंबड्या आल्या. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांसाठी कुक्कुटपालनाची पुस्तिका करायची होती. लीड नेमायच्या आधीचं हे शेवटचं मोठं काम, त्यावर सरांचं बारीक लक्ष. आणि त्यातही क्लच! कोंबडी ओळीनं काही दिवस अंडी घालते आणि मग थांबते, त्या एका खेपेच्या अंड्यांना इंग्रजीत क्लच म्हणतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. कॉम्प्युटरनं लिहिलं होतं, 'क्लच पूर्ण झाल्यावर कोंबडी त्यावर बसते.'

आता याला मराठीत काय म्हणायचं? चैतन्यचा कोंबडीशी संबंध फक्त ताटातला. आमच्या घरात तर तोही नाही. मला सुचला 'घाणा'. पहिला घाणा, दुसरा घाणा, आपण म्हणतोच की. चैतन्य हळूच म्हणाला की ताई, घाणा म्हटलं की अंडी तळल्यासारखी वाटतात. पद्माला अर्थ कळल्यावर तिनं मला ऑमलेटवाली म्हणायला सुरुवात केली. आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "माझं सगळं आयुष्य मलकपेठच्या रेसकोर्सच्या शेजारी गेलं. घोड्याचं विचार, सांगते."

शेवटी 'एका पाळीतली अंडी' असं साधं लिहून आम्ही पुढे गेलो. पुढचं वाक्य होतं, अंडी घालणं थांबवून कोंबडी उबवायला बसते त्याबद्दल. जेवताना मी लहानपणची गोष्ट सांगितली. बिदरकडे आत्याच्या गावी शेजाऱ्यांची एक कोंबडी कोपऱ्यात पिसं फुगवून बसायची, जवळ गेलं की टोचायची. आत्या ओरडायची, "खुडूक बसलीय ती, जाऊ नको तिच्याकडं." चैतन्य मनापासून हसला, आणि दुपारी त्यानं वाक्य लिहिलं, 'पाळी संपली की कोंबडी खुडूक होते.'

क्लायंटकडून मेल आली. आजवर अशी अस्सल गावाकडची मराठी कुणी दिली नव्हती, हे लिहिणाऱ्याचं खास अभिनंदन. सरांनी सगळ्यांना उभं करून ती वाचून दाखवली आणि चैतन्यच्या पाठीवर थाप मारली. तो बिचारा लाल झाला. म्हणाला, "सर, माझं काही नाही त्यात. शब्द सुलभाताईंचा आहे."

सर भारावले. म्हणाले, "बघा, मुलगा किती विनयशील आहे!"

त्या दिवशी मी कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी पद्मा खुर्चीपाशी आली, माझ्याकडे बघितलं आणि हैदराबादी हिंदीत म्हणाली, "क्या अक्का, खुडूक बैठे क्या?" माझाच शब्द, आणि तोही माझ्याच अंगावर.

* * *

ऑफिसात माझी खिडकी आहे. तिच्या कठड्यावर मी होल्यांसाठी ज्वारीचे दाणे ठेवते, उन्हाळ्यात वाटीभर पाणी. कित्येक वर्षांचा नेम आहे. होले येतात, खातात, पितात, कठडा घाण करतात, तो मी पुसते.

यंदा होल्याच्या जोडीनं अंडी घातली. कुठे? चैतन्यच्या खिडकीत! त्यानं एक रोप आणून पाणी न घालता वाळवलं होतं, त्या कुंडीत. चार काड्या टाकून होली बसली. जेवायला मात्र माझ्याकडे यायची.

चैतन्य मला हाताला धरून बघायला घेऊन गेला. दोन पांढरीशुभ्र अंडी. "ताई, पुस्तिकेतला क्लच, प्रत्यक्ष!" असं तो कुजबुजला. छान आहेत, म्हटलं. छानच होती. परत येऊन मी कठड्यावरची वाटी उचलली, मग विचार केला की ती उन्हातनं येणार बिचारी, आणि भरून पुन्हा ठेवली. पिल्लं निघाली तेव्हा चैतन्यनं त्यांचे फोटो सगळ्यांना पाठवले, खाली लिहिलं, 'माझी माणसं.'

* * *

पुस्तिकेनंतर एका गाडीचं जाडजूड मॅन्युअल आलं. ते पाठवायच्या दिवशी सर्व्हर बंद पडला आणि सगळ्याच टेबलांचं काम अडकलं. श्रीनिवास सरांचा चेहरा पडला. मी माझा भाग शोधत बसले, तो काही सापडेना. चैतन्यनं मात्र आमच्या दोघांचंही काम वेगळं साठवून ठेवलं होतं. मुदत संपता संपता त्यानं ते पाठवून दिलं.

तेलुगूच्या टेबलावरची पोरं ओरडली, "क्लच! अन्ना, क्लच!" मला वाटलं, मॅन्युअलमधला शब्द राहिला की काय. पद्मानं सांगितलं की नाही गं, हे त्यांच्या मोबाइल गेममधलं. आपल्या बाजूचे सगळे मेल्यावर एकटा उरलेला जो जिंकून देतो, त्याला क्लच म्हणतात.

म्हणजे मेलेल्यांत मी होते.

* * *

त्याच आठवड्यात नाव जाहीर झालं. मराठी टेबलाचा लीड, चैतन्य तावडे. पेढे आले. मी टाळ्या वाजवल्या, पेढा खाल्ला, त्याला एक भरवलाही. तो वाकून पाया पडला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं, त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे तो माझ्या शेजारी बसला. अर्धा रस्ता संपला. मग म्हणाला, "ताई, ती जागा तुमची होती. मी सरांना म्हटलंही. तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"छे रे," मी म्हटलं. "मला कशाला वाईट वाटेल?"

चादरघाटच्या पुलावर तुडुंब गर्दी. गाडी एक पाऊल पुढे, पुन्हा थांब, पुन्हा एक पाऊल. पाय क्लचवर. पुरता दाबलेला नाही, पुरता सोडलेला नाही. चैतन्यनं नाक वर केलं आणि म्हणाला की ताई, काहीतरी जळतंय. मी म्हटलं, बाहेरचं असेल. त्यानं काच वर केली. वास वाढला.

पूल उतरल्यावर गाडी ओढेना. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. चैतन्यनं खाली उतरून, नवा लीड असून, खाजाभाईच्या गॅरेजपर्यंत गाडी ढकलत आणली. खाजाभाई आमच्या घरच्या गाड्या माझ्या वडिलांपासून बघतात. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून वास घेतला, सगळीकडे हात फिरवला आणि मान हलवली.

"बाहर से कुछ नै दिखता मैडम," ते हात पुसत म्हणाले. "अंदरिच अंदर जल रा."

मीही वाकून वास घेतला. त्यांनी विचारलं,

"कबसे जल रा?"

मी तोंड उघडलं. पण चैतन्य धापा टाकत मधे आला. हैदराबादी बोली तो नव्यानं शिकला होता आणि ती वापरायची संधी सोडत नव्हता.

"हौ भाई," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मैं आया तबसे."