काकांची गाठ

घाटकोपरच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहणारे काका गिरणीत विणकर होते. संपात गिरणी गेली आणि काका गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसले, ते बसलेच. पेपर, पाणी, तपकीर, सगळं हाकेवर. "ए, जरा बघ रे" ऐकलं की जवळ असेल त्यानं उठायचं. उठायचे नाहीत ते फक्त काका.

एके दिवशी त्यांची डावी पोटरी भोपळ्यासारखी सुजली. "वात आसा," काकांनी निदान केलं. काकूंनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आणलं. ते पाय बघून गंभीर झाले.

"बसून बसून शिरेत रक्ताची गाठ झालेली दिसतेय. या वयात फार धोक्याचं. पाय अजिबात चोळू नका. गाठ सुटली तर फुप्फुसात जाईल, जिवावर बेतेल. लगेच हॉस्पिटलात हलवूया."

डॉक्टर ॲम्ब्युलन्ससाठी फोन करायला खाली उतरले आणि काका हसले.

"तुटल्या धाग्यांका गाठी मारण्यात जल्म गेलो. एक सुटली तर बराच मा! ए, जरा तेल चोळ रे."

सवयीनं मी बाटली उचललीसुद्धा. तेवढ्यात काकू मध्ये आल्या. काकांपुढे कधी आवाज न चढवणाऱ्या काकूंनी गळ्यातलं मंगळसूत्र पुढे ओढून त्यांच्या नाकासमोर धरलं.

"ती सुटली, तर ही पण सुटतली."

काकांचं हसू गेलं. मग स्ट्रेचर जिना उतरेपर्यंत ते उचलणाऱ्यांवर ओरडत होते,

"सावकाश रे! बायलेचां मंगळसूत्र आसा त्या पायात!"