मडावींच्या वावरातली रांग

वाडीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट गोदामात माल फार दिवस टिकत नसे, किस्से मात्र साठतच जात. चौकीदार सगळे फौजेतून रिटायर झालेले! त्यांचे म्होरके सुभेदार गजभिये. आणि निम्मे किस्से एकट्या मडावींचे. काटोलकडचा गोंड माणूस, बोलणं मोजकं.

*

लढाईत मडावी गजभियेंच्याच हाताखाली होते. तोफा सुरू झाल्या, खंदक खणायचा हुकूम सुटला, आणि हे फावडं बाजूला ठेवून जमिनीवर हात टेकून बसले! खणण्याआधी मातीला विचारायचं, ही घरची रीत. गोळे जवळ पडू लागले. सुभेदार ओरडले,

"काय म्हणते गा माती?"

"हो म्हणते, साहेब."

तेव्हा कुठे पहिलं फावडं पडलं. पुढे सगळी तुकडी आधी जमिनीला हात लावू लागली. सुभेदार सोडून.

*

संत्र्याचे भाव चढले तसा एक दलाल मडावींच्या वावरावर टपला. दोन धटिंगण घेऊनच आला. मडावी म्हणाले, "माह्या एकट्याचं नाही हे. त्या साऱ्याईले इचारा."

दलालानं वळून पाहिलं, तर बांधावर नुसते दगड. गोंडांत माणूस गेलं की त्याच्या नावानं दगड उभा करतात. तिथं मडावींचा आजा, आजी, बाप, धाकटा भाऊ, सगळे आपापल्या जागी होते. एक धटिंगण तिकडचाच गोंड निघाला. त्यानं आधी हात जोडले, मग काढता पाय घेतला; मागोमाग दलालही.

हा किस्सा आम्हाला फार उशिरा कळला, हीच तर भानगड झाली.

*

लढाईतल्या मेडलबद्दल आम्ही मडावींचा सत्कार ठरवला. हॉलमध्ये यायला ते तयार नव्हते. करायचा तर वावरात करा, माझी माणसं तिथं आहेत, म्हणाले.

आदल्या दिवशी सुभेदार तयारीला गेले. फौजेची सवय! साहेब यायचा असला की वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड मांडून चुना मारायचा. बांधावरचे दगड आयतेच सापडले.

सकाळी मडावी छातीवर मेडल लावून आले आणि वाटेच्या तोंडाशीच थांबले. एका दगडावरून हात फिरवला. हात पांढरा झाला. ते दगड कोणाचे, हे गावातल्या एकानं आम्हाला हळूच सांगितलं. सुभेदारांनी हातातला हार बाजूला ठेवला.

"साहेब," मडावी म्हणाले, "माहा बाप जिंदगीत कोणापुढं रांगेत उभा नाही राहिला."

सुभेदार पुढे झाले. मडावींनी हात फिरवलेला तो बापाचा दगड स्वतः उचलून बांधावर नेला, फावडं मागितलं. मग ते खाली ठेवलं आणि जमिनीवर हात टेकून बसले. बराच वेळ.

मडावी शेजारी येऊन उभे राहिले.

"काय म्हणते, साहेब?"