"बरं हाय" म्हटलं आणि कागद परत आला

आमच्याकडं कुणी "काय, कसं काय?" म्हणून विचारलं की "बरं हाय की" म्हणायचं असतं. पायात काटा मोडलेला असू दे नाहीतर अंगात ताप असू दे. आधी "बरं हाय", मग चहा, आणि निघताना चपला घालता घालता खरं काय ते. मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर असंच बोलत आलो. ह्या दोन शब्दांपायी माझी म्हैस जाणार होती, आणि मी पुण्याला.

माझी मंडळी वारली त्याला वर्ष होत आलं. लेक पुण्यात असते, चौथ्या मजल्यावर. दर फोनला तिचं एकच, "आण्णा, एकटं राहू नका, इकडं चला."

"आणि म्हैस? लिफ्टमधनं आणू?"

"विकून टाका."

त्या दिवशी मी फोन ठेवूनच दिला. ही म्हैस मंडळीनं रेडकू असल्यापासून हातानं वाढवलेली. मंडळी गेल्यावर तिनं चार दिवस वैरणीला तोंड लावलं नव्हतं. मीही लावलं नव्हतं, पण माझं कोण मोजतंय.

डॉक्टरकडं जायचं मी टाळत होतो हे खरं. कोल्हापुरात ज्या दवाखान्यात मंडळी गेली, त्याच्या बाकड्यावर परत बसायचं नव्हतं. शेवटी लेकीनं तोड काढली. तिनं माझा विमा उतरवलाय. त्यात फोनवर डॉक्टरला दाखवलं तरी चालतं म्हणे.

"महिन्यातनं एकदा फोनवर डॉक्टरशी बोलायचं. डॉक्टर तपासणीचा कागद विमा कंपनीकडं पाठवतो. कंपनीनं तो मंजूर केला की मला कळतंय, तुम्ही खरंच दाखवलं. नाहीतर मला गंडवाल. आणि कागद मंजूर झाला न्हाय, तर मी गाडी घेऊन येणार."

मी म्हटलं, फोनवर बोलायचंच आहे, त्यात काय एवढं.

पहिल्या फोनला डॉक्टर म्हणाला, "नमस्कार काका, कसं वाटतंय?"

"बरं हाय."

"काही त्रास?"

"काय न्हाय."

"मग फोन कशासाठी केला?"

"पोरगी म्हणाली."

डॉक्टर हसला, जपून राहा म्हणाला, झालं. मी खूश. आठ दिवसांनी विमा कंपनीतल्या एका पोरीचा फोन.

"सर, तुमचा कागद परत आलाय. तक्रारीच्या जागी 'काही नाही' असं लिहिलंय. आजारच नसेल तर फोनवरची तपासणी धरता येत नाही."

"म्हंजे बरं असणं चालत न्हाय?"

"आमच्याकडं नाही चालत, सर."

"आणि सर म्हणू नगंस. ते शाळेतल्या गुरुजींस्नी म्हण."

मग तिनं नियम सांगितला. पेशंटनं स्वतः बोलायचं, आपली तक्रार आपल्या तोंडानं सांगायची. घरातलं दुसरं कोणी बोललं तर धरत नाहीत.

मी म्हटलं, "आजवर माझं सगळं माझी बायकोच बोलत आलीया."

"मग त्यांना शेजारी बसवा. पण बोला तुम्ही."

"बसवली असती की, बाई."

पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "सॉरी, आजोबा. पुन्हा एकदा फोन लावा. कागद परत आल्याचं आम्ही तुमच्या लेकीला कळवायच्या आत नवा कागद येऊ दे. पण ह्या वेळी खरं सांगा."

खरं सांगायचं खातं मंडळीकडं होतं. डॉक्टरसमोर मी "बरं हाय" म्हटलं की ती पदर सावरून पुढं सरकायची. "डाक्टर, ह्यांचं काय ऐकू नगासा. बरं असतं तर हतं कशाला आलतो, भजी खायला?" मग डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं. चोरून खाल्लेला गूळसुद्धा. मी खाली मान घालून ऐकायचो, मला काय काय होतंय ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात म्हशीशेजारी बसून फोन लावला. तोच डॉक्टर.

"काका, कसं आहे?"

"बरं हा..." म्हटलं आणि जीभ अडली. डोळ्यांपुढं लेकीची गाडी दिसायला लागली. पुढचं माझ्या तोंडातनं कसं बाहेर पडलं मलाच कळलं नाही.

"डाक्टर, ह्यांचं काय ऐकू नगासा."

"कोण बोलतंय?"

"मीच."

"आणि पेशंट?"

"पेशंटबी मीच. ह्यांचा डावा गुडघा चार महिनं झालं दुखतोय. वैरणीचा भारा उचलला की ह्यास्नी धाप लागती. सकाळची गोळी घेत्यात, सांजची इसरत्यात, आणि वर घेतली म्हणून खोटं सांगत्यात."

डॉक्टरला हसू आवरेना. "काका, 'ह्यांचा' नको. 'माझा' म्हणा. नाहीतर नातेवाईक बोलले म्हणून परत पाठवतील."

"मग माझा गुडघा," मी म्हटलं. एवढासा शब्द, पण भाऱ्यापेक्षा जड गेला.

"झोप लागते?"

"न्हाय."

"कशामुळं?"

"अंथरूण लई रुंद झालंया."

मंडळी कधी गेली ते डॉक्टरनं विचारून लिहून घेतलं. तेवढ्यात इकडं म्हैस मोठ्यानं रेकली.

"हे कोण?"

"नातेवाईक. पण तिचं बोलणं धरत न्हाईत."

मग डॉक्टर जो हसला, आणि मीही. वर्षभरात मी असा हसलो नव्हतो. धापेसाठी त्यानं छातीची पट्टी, म्हंजे ईसीजी, काढायला लावली. जवळच कोडोलीला जाऊन काढून आलो. चांगली निघाली. भारा मात्र आता अर्धा अर्धा करून आणतो.

कागद मंजूर झाला. लेकीनं फोनवर मोठ्यानं वाचला. गुडघा, धाप, चुकलेल्या गोळ्या. "आण्णा, आईच बोलल्यासारखं वाटतंय," म्हणून हसत होती. शेवटच्या ओळीला थांबली. 'पत्नीच्या निधनापासून झोप नाही.'

"हे मला कधी बोलला न्हाईसा."

"तू कसं काय म्हणून इचारतीस. मी बरं हाय म्हणतो."

"मग काय विचारू?"

"कंपनीगत इचार."

पुण्याचं नाव तिनं परत काढलं नाही. आता दर रविवारी फोन आला की तिचं पहिलं वाक्य, "पेशंट स्वतः बोलतायत का?"

"व्हय. पेशंटच बोलतोय," मी म्हणतो, आणि गुडघ्यापासून सुरुवात करतो.