चौकस आणि चोंबडी

माझ्या आत्याएवढी चौकस बाई पनवेल तालुक्यात दुसरी झाली नाही. आतोबा हीच गोष्ट 'चोंबडी' या एका शब्दात उरकायचे. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे. "ऐकून गावभर सांगते ती चोंबडी. ऐकून पोटात ठेवते ती चौकस. मी चौकस हाय." आणि पोटात ती ठेवायचीही. गव्हाणचं घर सोडून दोघं मुलाकडे रोडपालीला पाचव्या मजल्यावर राहायला आली, तर महिन्याभरात बिल्डिंगमधल्या कुणाचं माहेर कुठलं आणि कुणाच्या घरी वांगं चालत नाही, हे तिला पाठ झालं. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्याला तिने दोर कशाचा, तुटला तर काय, आणि तुझं लगीन का झालं नाय, हे एका दमात विचारलं. एकदा एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी उरणच्या गाडीची वेळ विचारायला गेली ती आतल्या माणसाच्या आईच्या गुडघेदुखीपर्यंत पोचली. मागे रांग कुरकुरत होती, गाडी केव्हाच सुटली होती. "गाडी दुसरी येल," ती मला म्हणाली. "त्या बिचाऱ्याला कोन इचारतं का कधी?"

मग आतोबांना घास गिळता येईना. मी दोघांना घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, आजार पसरलाय, आता फक्त त्रास कमी करता येईल. "काही विचारायचंय?" मी मनाशी म्हटलं, आता आत्या तासभर तरी उठत नाही. आत्या पदराचा काठ चाचपत बसली. आतोबांनीच तिला कोपराने ढोसलं. "इचार ना गो! सगल्या जगाला इचारतेस." तिने नुसती मान हलवली.

बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, "किती दिवस आहेत, मी विचारून येऊ?"

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "नको. इचारलं की ते सांगतील."

गणपतीच्या आधी आतोबा गेले. शेवटपर्यंत तिने सलाईन लावणाऱ्या सिस्टरला गावसुद्धा विचारलं नाही.

परवा गेलो तर समोरच्या फ्लॅटमध्ये कुणाचं तरी सामान चढत होतं. "आत्या, कोण आलंय गं समोर?" मी मुद्दाम विचारलं.

"आलं असल कोनी."

मग मीच उठलो. समोर जाऊन नाव, गाव, माणसं किती, सगळं विचारून आलो आणि तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पुढचा प्रश्न येईल म्हणून मी थांबलो. ती तांदूळ निवडत राहिली.